रेवाची बॅटरी कोणाच्या खिशातून?

१९९० साली मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेली 'सनरनर' ही सौरगाडी अमेरिकेतली सनरेस जिंकली आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या वर्ल्ड सोलर चॅलेंजमध्ये तिसरी आली. त्या चमूत बंगळूरचा चेतन मैनी हा विशीतला मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. पुढे स्टॅनफर्डमधून एम.एस., मग कॅलिफोर्नियातल्या अमेरिगॉन कंपनीत विजेच्या गाड्यांचं काम. १९९४ मध्ये अमेरिगॉन आणि वडील सुदर्शन मैनी यांचा मैनी उद्योगसमूह यांच्या भागीदारीतून बंगळूरला 'रेवा इलेक्ट्रिक कार कंपनी' उभी राहिली. 'रेवा' ही तिची छोटी विजेची गाडी बाजारात यायला २००१ उजाडलं. उत्पादन थांबेपर्यंत, म्हणजे साधारण अकरा वर्षांत, जगभर मिळून साडेचार हजारांच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या. कारखाना मात्र वर्षाला ६,००० गाड्या काढण्याच्या हिशोबाने बांधलेला होता.

रेवाबद्दल बोलणारे बहुतेक जण 'काळाच्या पुढची गाडी' किंवा 'खेळण्यातली गाडी' यांपैकी एक शेरा मारून मोकळे होतात. नवी विजेची गाडी बनवायला निघालेल्या तरुण इंजिनिअरला यातून काहीच हाती लागत नाही. या प्रकरणात आम्ही एकच प्रश्न धरून ठेवला आहे: बॅटरी झिजते, तेव्हा त्या झिजेचे पैसे कोण भरतं? बंगळूरला गाडी का अडखळली, लंडनला का चालली, महिंद्रांनी नंतर महिन्याचं भाडं का आणलं आणि मैनी स्वतः शेवटी कुठल्या धंद्यात गेले, या सगळ्याचा उलगडा याच प्रश्नापाशी होतो.

८० किलोमीटरच का?

सौरगाडी बनवणाऱ्याला एक सवय आपोआप लागते. आधी ऊर्जा मोजायची, मग गाडी आखायची. रेवाची आखणी अशीच झालेली दिसते. १९९० च्या दशकात परवडणारी एकच बॅटरी होती, शिशाची. तिच्यात किलोमागे साधारण ३५ वॅट-तास वीज मावते. रेवात ६ व्होल्टच्या ८ बॅटऱ्या पुढच्या सीटखाली एका ओळीत जोडलेल्या असत. ४८ व्होल्ट, सुमारे २०० अँपिअर-तास, म्हणजे कागदावर ९.६ युनिट वीज. वजन जवळजवळ २७० किलो. सुरुवातीच्या गाडीचं बॅटरीसकट वजन ७४५ किलोच्या घरात होतं, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त भार निव्वळ शिशाचा आणि ॲसिडचा.

हातानेच हिशोब करून पाहा. गाडी आणि दोन माणसं मिळून ९०० किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी ५० किमी वेगाने टायरचा विरोध साधारण १०५ न्यूटन, वाऱ्याचा ८० न्यूटन. चाकापाशी लागणारी ताकद २.६ किलोवॅट भरते. मोटर, कंट्रोलर आणि गिअरमध्ये वीस टक्के गेले, तर बॅटरीतून ३.२ किलोवॅट निघतात. एकसारख्या वेगाने चाललं तर किलोमीटरला ६५ वॅट-तास पुरतील. पण शहरात दर तीनशे-चारशे मीटरवर सिग्नल, खड्डा नाहीतर रिक्षा आडवी येते. थांबून पुन्हा उचलण्यात हा आकडा ९५ ते १०० वर जातो. शिशाची बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे रिकामी करायची नसते, म्हणून हाताशी उरतात ७.७ युनिट. भागाकार केला की उत्तर ८० किमी येतं. कंपनी जाहिरातीत सांगत होती तो पल्ला हाच.

१६० किमी हवे असते तर? ५४० किलो बॅटरी लागली असती. ती पेलायला सांगाडा जड, सांगाडा जड म्हणून ब्रेक आणि कमानी जड, आणि मग त्या वजनासाठी पुन्हा आणखी बॅटरी. शिशाच्या बाबतीत हे चक्र फार लवकर हाताबाहेर जातं. शहरात कामावर जाऊन-येऊन दिवसाला ३०-४० किमी पडतात हे धरून ८० वर थांबणं हा शहाणा निर्णय होता. इथे आम्हाला मैनींच्या इंजिनिअरिंगमध्ये खोट दिसत नाही.

बाकीची गाडीही याच काटकसरीने बांधलेली होती. लांबी २.६४ मीटर, दोन दारं, पुढे दोन मोठी माणसं आणि मागे दोन लहान मुलं. अंग पत्र्याचं नव्हतं. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर एबीएस प्लास्टिकचे पत्रे बसवलेले. यामागे वजनाइतकंच पैशाचं कारण होतं. पत्रा ठोकायचे डाय आणि प्रेस यांत जाणारे कोट्यवधी रुपये हजारो गाड्यांवर वाटले तरच परवडतात. वर्षाला काहीशे गाड्या निघणार असतील तर प्लास्टिक गरम करून साच्यावर ओढणं कितीतरी स्वस्त पडतं. एसीचंही तसंच. एसीचा कॉम्प्रेसर किलोवॅटभर वीज ओढतो. शहरात ताशी २० किमीच्या सरासरीने चालणारी गाडी चालण्यासाठी दोनच किलोवॅट खाते, मग एसी लावला की पल्ल्याचा तिसरा हिस्सा गेलाच. म्हणून अमेरिगॉनची खासियत असलेली, बसणाऱ्याच्या पाठीलाच थंडावा देणारी सीट रेवात पर्याय म्हणून ठेवली होती. इतक्या बारकाईने इथे वॅटचा हिशोब केलेला होता.

४८ व्होल्टचे फायदे आणि जाच

आज गाड्या ३०० ते ८०० व्होल्टवर चालतात. रेवाने ४८ का निवडले? एक तर ६० व्होल्टच्या खालच्या डीसीला हात लागला तरी सहसा जिवावर बेतत नाही. त्यामुळे साध्या गॅरेजमधला मेकॅनिकही खास सामग्रीशिवाय काम करू शकतो. दुसरं, गोल्फ कार्ट आणि बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टसाठी ४८ व्होल्टचे कंट्रोलर, कॉन्टॅक्टर, फ्यूज आधीच बाजारात मिळत होते. मैनी समूह स्वतः कारखान्यात माल हलवणाऱ्या बॅटरीच्या गाड्या बनवत होता, त्यामुळे या सुट्या भागांशी घरोबा जुनाच होता.

जाच येतो करंटचा. १३ किलोवॅटची कमाल ताकद हवी तर ४८ व्होल्टवर ३०० अँपिअरच्या वर जावं लागतं. दहा टक्क्यांच्या चढावर ताशी २० किमीने चढतानाही दीडशे अँपिअर सहज वाहतात. इतक्या करंटला ५० ते ७० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लागते आणि प्रत्येक जोड घट्ट लागतो. एका टर्मिनलचा लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, किंचित सैल राहिला आणि तिथला विरोध फक्त १ मिलिओहम झाला असं समजा. ३०० अँपिअरला त्या एका बोल्टपाशी ९० वॅट उष्णता तयार होते. काही महिन्यांत लगचा रंग निळसर-काळा पडतो, टर्मिनलच्या बुडाशी असलेलं शिसं मऊ होऊन उचलतं, ॲसिड झिरपू लागतं आणि गाडी 'चढावर दम तोडते' अशी तक्रार येते. मालकाला वाटतं मोटर गेली. बघायची असते ती आठ बॅटऱ्यांमधली जोडणी. चढावरून आल्याबरोबर गाडी बंद करून मेन स्विच काढायचा आणि तापमान बघायच्या पिस्तुलाने एकेका टर्मिनलवर नेम धरायचा. शेजाऱ्यांपेक्षा १० अंशांनी गरम असलेला जोड म्हणजे गुन्हेगार. खोलून तारेच्या ब्रशने घासा, नवा वॉशर घाला, टॉर्क रेंचनेच आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. पान्याने अंदाजे आवळलेलं शिशाचं टर्मिनल एकतर सैल राहतं, नाहीतर आटे जातात.

मोटर पहिल्या गाडीत डीसी होती, सतत ताकद ४.८ किलोवॅट. पुढे 'रेवा-आय' या सुधारित गाडीत एसी इंडक्शन मोटर आली, कमाल १३ किलोवॅट आणि ५२ न्यूटन-मीटर. डीसी मोटरचे कार्बन ब्रश झिजतात, त्याची भुकटी आत साचते, पावसाळ्यात ओल धरली की कम्युटेटरवर ठिणग्या पडतात. एसीने हा कटकटीचा भाग संपवला. उतारावर पाय काढल्यावर वीज परत बॅटरीत जायची सोय होती. पण तिची एक अट आहे: सकाळी पूर्ण चार्ज झालेली बॅटरी परतीची वीज घेऊ शकत नाही. व्होल्टेज एकदम उसळतं, कंट्रोलर ती वीज तोडतो आणि ब्रेक पेडल अचानक हलकं लागतं. टेकडीवर राहणाऱ्याने चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवणं हा त्यावरचा साधा उपाय.

बॅटरी मरते कशी

खरं प्रकरण इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

८ बॅटऱ्या म्हणजे २ व्होल्टचे २४ कप्पे, एकामागे एक. सगळ्यांतून तोच करंट जातो. म्हणून गाडीचा पल्ला सगळ्यात कमजोर कप्पा ठरवतो. २३ कप्प्यांत २०० अँपिअर-तास आहेत आणि एकात १५० उरले आहेत असं धरा. १५० वर तो एक रिकामा होतो, पण बाकीचे करंट ढकलतच राहतात आणि त्याची ध्रुवता उलटते. असं दहा-पंधरा वेळा झालं की तो कप्पा संपलाच. गाडीतली संगणकीय ऊर्जा-व्यवस्था हे सगळं बघत असते आणि उरलेला पल्ला दाखवते. म्हणून तक्रार ठरावीक येते: '४० किमीपर्यंत काटा बरोबर होता, मग एकदम १० वर आला.' मीटर बिघडलेला नसतो. एक कप्पा खचलेला असतो.

तपासायची पद्धत अशी. रात्रभर चार्ज करून गाडी दोन-तीन तास तशीच ठेवा. पूर्ण बँकेचं, म्हणजे आठही बॅटऱ्यांचं मिळून, व्होल्टेज ५१ च्या जवळ हवं, म्हणजे कप्प्याला २.१२. मग ॲसिडची घनता सांगणाऱ्या हायड्रोमीटरने चोवीसही कप्पे मोजा. १.२६५ ते १.२८५ ठीक. एखादा कप्पा इतरांपेक्षा ०.०३० ने खाली असेल तर त्याच्यावर खूण करा. नंतर गाडी चढावर नेऊन भाराखाली प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज बघा. सगळ्या ५.८ दाखवत असताना एक ५.२ वर जात असेल तर उत्तर मिळालं. पूर्ण बँक भाराखाली ४२ व्होल्टच्या खाली कधीही जाऊ द्यायची नाही.

आता चूक कुठे होते? मालक म्हणतो, एकच खराब आहे ना, एकच बदला. दोन वर्षं जुन्या सात बॅटऱ्यांत एक नवी घातली की चार्जर फक्त एकूण व्होल्टेज बघतो. ५७.६ व्होल्ट झाले की त्याच्या मते बँक भरत आली. जुन्या बॅटऱ्या आधीच उकळू लागतात, त्यांचं पाणी उडतं, आणि नव्या बॅटरीला तिचा शेवटचा घास मिळतच नाही. रोज थोडी उपाशी राहिलेल्या त्या नव्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर बसतो आणि ती सहा-आठ महिन्यांत जुन्यांच्या पंगतीला येऊन बसते. साधारण त्याच वयाची, त्याच क्षमतेची वापरलेली बॅटरी मिळाली तर घालावी, नाहीतर पूर्ण संच बदलावा. हा सल्ला महाग आहे, आणि इथेच मालक आणि सर्व्हिस सेंटर यांचं बिनसतं.

पाणी हा दुसरा शत्रू. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो. चोवीस कप्प्यांची झाकणं एकेक करून उघडायला लावली तर कोणीच पाणी घालणार नाही, हे ओळखून रेवात सगळे कप्पे नळीने जोडून एकाच ठिकाणाहून डिस्टिल्ड वॉटर भरायची सोय होती. सोय चांगली, पण तिलाही पथ्यं आहेत. पाणी चार्जिंगनंतरच भरायचं. रिकाम्या बॅटरीत भरलं तर चार्ज होताना पातळी वर येऊन ॲसिड बाहेर सांडतं, आणि सांडलेलं ॲसिड सीटखालच्या पोलादी चौकटीला खातं. नळाचं पाणी घातलं तर क्लोरीन आणि लोह प्लेटला लागतं. झाकणातली एखादी तरंगती झडप अडकली तर चोवीसातला एक कप्पा कोरडा राहतो आणि बाहेरून कळतही नाही.

तिसरा शत्रू तापमान. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. बंगळूरची हवा तिला मानवणारी. तीच गाडी मे महिन्यात अकोल्याला किंवा नागपूरला उन्हात उभी राहिली तर बॅटरीचा डबा ५० च्या पुढे जाणार. उलट थंडीत आयुष्य टिकतं पण ताकद जाते. शून्य अंशाला क्षमता वीस टक्क्यांनी तरी उतरते. लंडनच्या हिवाळ्यात पल्ला कमी होण्याचं कारण हेच, त्यात हीटरही त्याच बॅटरीवर.

चौथा शत्रू अर्धवट चार्ज. ८० टक्के चार्ज अडीच तासांत होतं, उरलेल्या २० टक्क्यांना तासन्‌तास लागतात, कारण ॲसिडला प्लेटच्या आतपर्यंत झिरपायला वेळ लागतो. पूर्ण चार्ज म्हणजे आठ तास. लोक ८० वर प्लग काढून निघतात, आणि आठवडाभर हेच केलं की सल्फेटचे खडे कडक होतात. आपल्याकडे २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमन इतकं होतं की रात्रीचे अखंड आठ तास मिळणं हीच अनेक गावांत चैन होती. वीज असली तरी सॉकेट कुठे? पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा पॉइंट, त्याला वेगळा मीटर, चांगलं अर्थिंग आणि सोसायटीची नाहरकत. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत हा वाद आजही मिटलेला नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्याच सुमारास विजेची 'इलेक्शा' रिक्षा बनवली होती. तिचीही बॅटरी शिशाचीच. त्या काळात भारतात विजेवर काही चालवायचं म्हटलं की सगळ्यांची गाठ या चार शत्रूंशी पडत होती.

हिशोब

२००१ च्या आसपासचे भाव धरू. पेट्रोल ३० रुपये लिटर आणि छोट्या गाडीचं ॲव्हरेज १५. किलोमीटरला २ रुपये. रेवाला ८० किमीसाठी भिंतीतून सुमारे ९.६ युनिट घ्यावे लागतात, साडेतीन रुपये युनिटने किलोमीटरला ४२ पैसे. पाचपट स्वस्त! बोलणी सगळी याच आकड्यावर होत.

आता बॅटरीचा संच ७०,००० रुपयांना पडतो असं मोजणीपुरतं धरा. उत्तम निगेत तो ४०,००० किमी चालला तर किलोमीटरला १ रुपया ७५ पैसे. वीज मिळवली की २ रुपये १७ पैसे, म्हणजे पेट्रोलपेक्षा थोडं महागच. निगा ढिली पडून संच २५,००० किमीवर गेला तर बॅटरीचेच २ रुपये ८० पैसे, एकूण ३ रुपये २२ पैसे. वर गाडीची किंमत मारुती ८०० पेक्षा जास्त. ग्राहकाला हे पहिल्या दिवशी दिसत नाही. तो रोज ४२ पैशांच्या आनंदात असतो आणि तिसऱ्या वर्षी एकरकमी बिल हातात येतं. त्या दिवशी अनेकांची गाडी कोपऱ्यात जाऊन पडते.

त्यात शिशाचा भाव. २००२-०३ मध्ये जागतिक बाजारात टनाला ५०० डॉलरच्या आसपास असलेलं शिसं ऑक्टोबर २००७ मध्ये ३,५०० डॉलरच्या वर गेलं. एका संचात दीडशे किलोच्या वर शिसं असतं. जुना संच परत देताना मिळणारा भंगाराचा भाव वाढला हे खरं, पण नव्याची किंमतही तशीच चढली.

म्हणजे गाडी चांगली असूनही झिजेचा सगळा धोका खरेदीदाराच्या डोक्यावर होता. पाणी घालणार तो, चढावर दामटणार तो आणि पैसे भरणारही तोच. कंपनीने वॉरंटी वाढवली असती तर निष्काळजी वापराचा भुर्दंड कंपनीला बसला असता. वर्षाला चारशे गाड्या विकणारी कंपनी तो सोसू शकत नव्हती. इतक्या कमी संख्येत बॅटरी बनवणाऱ्याशीही घासाघीस करता येत नाही. चारशे गाड्या म्हणजे ३,२०० बॅटऱ्या. मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने ही किरकोळ ऑर्डर.

लंडनला ती का चालली

फेब्रुवारी २००३ मध्ये लंडनने शहराच्या मध्यभागात येणाऱ्या गाड्यांवर दिवसाला ५ पौंड शुल्क लावलं, जुलै २००५ मध्ये ते ८ पौंड झालं. विजेच्या गाड्यांना तेव्हा पूर्ण सूट होती. २००४ पासून रेवा तिथे 'जी-विझ' नावाने विकली जाऊ लागली. वर्षात २२५ दिवस कामावर जाणाऱ्याचे १,८०० पौंड वाचत, वर काही भागांत पार्किंग फुकट. सात-आठ हजार पौंडांची गाडी चार-साडेचार वर्षांत फिटत होती. बॅटरी तिथेही तीच होती आणि तशीच झिजत होती. फरक एवढाच की तिचे पैसे शुल्कमाफीतून निघत होते. हजाराच्या आसपास गाड्या एका शहरात खपल्या.

मग सुरक्षेचं प्रकरण उभं राहिलं. युरोपच्या तेव्हाच्या नियमात बॅटरी सोडून ४०० किलोच्या आत आणि १५ किलोवॅटच्या आत असलेलं वाहन 'क्वाड्रिसायकल' ठरत असे आणि त्याला मोटारीची टक्कर-चाचणी द्यावी लागत नसे. लंडनला विकली जाणारी रेवा याच वर्गात मोडत होती. २००७ मध्ये एका ब्रिटिश मोटार मासिकाने ताशी ६४ किमी वेगाने तिची चाचणी करवून घेतली आणि निकाल वाईट लागला. आमचं मत स्पष्ट आहे: नियमाने माफ केलेली चाचणी कंपनीने स्वतःहून करून, निकाल पाहून पुढचा सांगाडा आधीच बदलायला हवा होता. २.६ मीटर लांबीत चुरगळायला जागा कमी असते, म्हणून नळ्या कुठे वाकणार हे जास्तच काळजीने ठरवावं लागतं. आपल्याकडे नव्या मॉडेलला टक्कर-चाचणीची सक्ती ऑक्टोबर २०१७ मध्ये आली, तोवर कोणी विचारलंच नाही.

महिंद्रा, अनुदान आणि महिन्याचं भाडं

डिसेंबर २००६ मध्ये ड्रेपर फिशर जर्वेट्सन आणि ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फंड या गुंतवणूक संस्थांनी रेवा कंपनीत २ कोटी डॉलर घातले. २००९ मध्ये लिथियम-आयन रेवा आली, पल्ला १२० किमी. त्याच वर्षी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात नव्या गाडीचा नमुना दाखवला आणि जनरल मोटर्सबरोबर तिची स्पार्क ही गाडी विजेवर आणायचा करार जाहीर झाला. मे २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्रांनी ५५.२ टक्के हिस्सा घेतला आणि जनरल मोटर्स करारातून बाहेर पडली.

केंद्राचं पहिलं अनुदान नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झालं: कारखान्याबाहेरच्या किमतीच्या २० टक्के, मोटारीला जास्तीत जास्त १ लाख. मार्च २०१२ मध्ये ते संपलं. महिंद्रा रेवाची नवी गाडी, ई-टू-ओ, बाजारात आली मार्च २०१३ मध्ये, आणि पुढची केंद्रीय योजना, फेम, एप्रिल २०१५ मध्ये. बंगळूरच्या बोम्मसंद्र्याला वर्षाला ३०,००० गाड्यांचा कारखाना २०१२ मध्येच उभा होता. कारखाना तयार, गाडी तयार आणि नेमकी तीन वर्षं धोरणाची जागा रिकामी. अनुदान कमी असलं तरी चालतं, पण मधेच तुटलेलं अनुदान फार घात करतं, कारण 'पुढच्या वर्षी स्वस्त होईल' म्हणून ग्राहक थांबून राहतो.

ई-टू-ओ लिथियमची होती, पल्ला १०० किमी, मोटर १९ किलोवॅट, दिल्लीत किंमत ५.९६ लाख. चार शत्रूंपैकी पाणी गेलं, अर्धवट चार्जचा त्रास जवळपास गेला. पण किंमत तेव्हाच्या चांगल्या पेट्रोल गाडीला भिडली. २०१४ मध्ये महिंद्रांनी वेगळा मार्ग काढला: गाडी ४.९९ लाखांना घ्या आणि बॅटरीपोटी पाच वर्षं दरमहा २,५९९ रुपये भरा. बेरीज १,५५,९४० रुपये. महिन्याला ८०० किमी चालवणाऱ्याला किलोमीटरला सव्वातीन रुपये, पेट्रोलचे तेव्हा पाचच्या घरात. झिजेचं बिल पहिल्यांदाच ग्राहकाच्या डोक्यावरून उतरून कंपनीकडे गेलं. दिशा बरोबर होती. अडचण खासगी गाडीच्या स्वभावात आहे. दिवसाला २५-३० किमी चालणारी गाडी बॅटरीचा पुरता वापरच करत नाही, भाडं मात्र पूर्ण चालू राहतं. गाडी विकताना दुसऱ्या मालकाने तो करार पुढे चालवायचा, ही अट कोणालाच नको असते.

बॅटरी गाडीबाहेर

मैनी महिंद्रा रेवातून बाहेर पडले आणि २०१७ मध्ये उदय खेमका यांच्याबरोबर त्यांनी सन मोबिलिटी काढली. कंपनी गाडी बनवत नाही. बॅटरी तिची, स्टेशन तिचं. वाहनवाला रिकामी बॅटरी ठेवतो, भरलेली उचलतो आणि वापरलेल्या ऊर्जेचे पैसे देतो. अशोक लेलँडच्या बसेसवर अहमदाबादला हा प्रयोग झाला, मग भर रिक्षा आणि दुचाकींवर आला.

रिक्षा निवडण्यात मोठा अर्थ आहे. रिक्षा दिवसाला १०० किमीच्या आसपास फिरते. बॅटरीला २,००० चक्रं झेपत असतील आणि एका चक्रात ५० किमी मिळत असतील तर ती एक लाख किमी देते. खासगी गाडीला हे वापरायला दहा वर्षं लागतील आणि तोवर बॅटरी वयानेच म्हातारी होईल. रिक्षा तीन वर्षांत वसूल करते. स्टेशनवर बॅटरी सावलीत, पंख्याखाली, ठरलेल्या करंटने चार्ज होते, प्रत्येक पॅकची नोंद रोज तपासता येते आणि कमजोर पॅक वेळीच बाजूला काढता येतो. मालकाने निगा राखावी अशी अपेक्षाच उरत नाही.

याचीही किंमत आहे. गाड्यांपेक्षा बॅटऱ्या जास्त लागतात. १०० रिक्षा, प्रत्येकीत दोन पॅक, म्हणजे २०० रस्त्यावर. दिवसाला दोनदा अदलाबदल धरली तर ४०० पॅक चार्ज व्हायचे आहेत. एका पॅकला दोन तास लागत असतील आणि प्रत्येक रिक्षाची एक अदलाबदल सकाळी अकरा ते दोन या वेळेत एकवटली, तर निदान १३०-१३५ जादा पॅक आणि तितक्याच चार्जिंगच्या खणांची सोय हवी. उरलेला दिवस त्यातले बरेच खण रिकामे. म्हणून स्टेशनवाल्याचा नफा गर्दी दिवसभर पसरवण्यावर ठरतो: सकाळी आठच्या आत येणाऱ्याला दर कमी, दुपारी एकला येणाऱ्याला जास्त. आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाहनं एकच पॅक घेत असतील तरच हे खण भरतात. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये अदलाबदलीच्या धोरणाचा मसुदा काढला, पण पॅकचं माप, कनेक्टर आणि आतली माहिती कोणाकडे राहणार यावर वाहन कंपन्यांचं जमलं नाही. आज रस्त्यावर प्रत्येक कंपनीचा खण वेगळा आहे, आणि एकीचा पॅक दुसरीच्या रिक्षात बसत नाही.